खारतळ्याची उघाडी

फोन कानाला लावला आणि सुषमा सावेंना पहिली ऐकू आली ती शिवी. ती त्यांच्यासाठी नव्हती. पण रविवारची सकाळ, चहा अजून पोटात गेलेला नाही, अशा वेळी शिवी कुणाची का असेना, लागतेच.

मग फौजदार मनिष पिंपळेचा आवाज आला. खारवाडीच्या तळ्यातली मासळी रात्रीत मेली होती. गावाने एक माणूस धरला होता. मॅडमनी येऊन विष कुठलं तेवढं सांगावं, म्हणजे त्याला पुढचं काम उरकता येईल.

मागे काहीतरी धपकन पडलं.

"त्या माणसाला मारतायत का?" सुषमाबाईंनी विचारलं.

"आता थांबलेत," मनिष म्हणाला. त्याचा स्वतःचाही त्यावर फारसा विश्वास दिसत नव्हता.

सुषमाबाई सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या. विहिरी, नळ, नाले, खाड्या, सगळ्यांचं पाणी हुंगून त्यांचं नाक वाकडं झालं होतं आणि जीभ तिखट. गेल्या वर्षी ह्याच तळ्याबद्दल त्यांनी अहवाल दिला होता की पाण्यातली घाण खारवाडीच्या स्वतःच्या गटारांतून येते. तेव्हापासून डहाणू रोडच्या बाजारात खारवाडीच्या मासेवाल्या त्यांना नेमका शिळा बोंबील काढून देत. सुषमाबाई तो निमूट परत करत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याकडेच जात. हट्ट दोन्ही बाजूंनी होता.

खारवाडी आगर गावाच्या पुढे, सुरूच्या बनाआड. गाव मच्छीमारांचं. गावाच्या पाठीमागे खारतळं पसरलेलं. एका अंगाला शैलेशभाईंची चिकूची वाडी, दुसऱ्या अंगाला आदिवासींचा ताडपाडा. समुद्र आणि तळं ह्यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि त्या बांधाला एकच दार. त्याला उघाडी म्हणतात. सिमेंटच्या दोन भिंतींत उभ्या खाचा असतात, त्यांत लाकडी फळ्या एकावर एक सोडल्या की समुद्र बाहेर राहतो, काढल्या की भरती-ओहोटीचं पाणी तळ्यात येतं-जातं. ह्या येण्याजाण्यावरच तळं जगत होतं. त्यात रांपण किंवा मोठं जाळं कुणी टाकायचं नाही, गळाने आणि हाताने जे मिळेल ते गावाने आणि पाड्याने घ्यायचं, अशी जुनी रीत होती. जुन्या रीतीवरून भांडणं नवीनच सुरू झाली होती.

सुषमाबाई रिक्षातून उतरल्या तशा बांधावर उभ्या असलेल्या बायका गप्प झाल्या. त्यांतली एक म्हणाली, "आली. आता लिवेल, आमीच मुतून मारली मासली." बाकीच्या हसल्या नाहीत.

सुषमाबाईंनी चप्पल काढली, साडी खोचली आणि सरळ पाण्याच्या कडेला गेल्या.

बोय, चिवणी, काळुंद्री, सगळी पांढरी पोटं वर करून तरंगत होती. कांदळाच्या मुळांत एक मोठा जिताडा अडकला होता, तळ्याचा पाटील असल्यासारखा. माश्या आताच जमू लागल्या होत्या. काठाला फेसाची वळी साचली होती आणि वाऱ्याने हलली तरी फुटत नव्हती.

पण चिखलावर चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, चालत होत्या. त्यांना काही झालेलं नव्हतं. कडेच्या पाण्यात करंदी, ती बारीक कोळंबी, नेहमीसारखी उड्या मारत होती. सुषमाबाईंनी पिशवीतून पांढरा मग काढला, पाण्यात बुडवला आणि उन्हात धरला. मगात सुईसारखे बारीक, काचेसारखे आरपार दिसणारे जीव तुरुतुरु पळत होते. सगळे एकाच मापाचे. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि पाणी हळूच परत ओतलं.

बाटलीत थोडं पाणी घेऊन त्यांनी जोरात हलवलं. वर साबणासारखा फेस चढला आणि तसाच राहिला.

"झालं ना?" मनिष मागून म्हणाला. "गेळाचा फेस येतो. हे बघा, गोणीसकट सापडलंय."

काठावर ओली गोणी पडली होती. तिच्यात पिवळी गेळं होती, लिंबाएवढी, गोल, टणक. ताडपाड्याच्या मागच्या माळावर ह्याची झुडपं होती आणि फेब्रुवारीत ती अशी पिकलेली असत. आदिवासी गेळ पाण्यात टाकून मासे मारतात, हे खारवाडीतलं शेंबडं पोरही सांगेल असं मनिषचं म्हणणं होतं. आणि ते खोटं नव्हतं. सुषमाबाईंनी एक गेळ उचललं, अंगठ्याने दाबलं, परत गोणीत टाकलं.

"फेस गेळाचाही येतो," त्या म्हणाल्या.

"मग लिहून द्या ना तसं."

"आधी माणूस दाखवा."

उघाडीवरून जाताना त्या थांबल्या. फळ्या खाली सोडलेल्या होत्या, तळं बंद होतं. भिंतींत खाचांच्या दोन जोड्या होत्या, एक समुद्राकडे, एक तळ्याकडे. फळ्या तळ्याकडच्या, आतल्या खाचेत होत्या. बाहेरची रिकामी. वाकून त्या बघत होत्या तेवढ्यात कुणीतरी अदबीने म्हणालं, "मॅडम, शेवाळ आहे, पाय सरकेल."

तो दिपक मर्दे, मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. इस्त्रीचा शर्ट, हलका आवाज. सकाळपासून सुषमाबाईंशी माणसासारखा बोललेला हा पहिलाच. गावाने धरलेल्या माणसाला, पाड्यातल्या लक्ष्याला, त्यानेच मारातून सोडवलं, त्यानेच पोलिसांना बोलावलं, असं मनिषने सांगितलं. पंचनामा नीट व्हावा म्हणून उघाडीच्या फळ्यांना हात लावू नका, अशी ताकीदही त्यानेच गावाला दिली होती.

लक्ष्या धोडी सोसायटीच्या शेडमध्ये बर्फाच्या रिकाम्या पेट्यांना टेकून बसला होता. चाळिशीचा, काटक. भुवई फुटली होती आणि शर्टावरचं रक्त वाळलं होतं. दाराबाहेर त्याची बायको भिकी उकिडवी बसली होती. तिने सुषमाबाईंकडे पाहिलं, त्यात आशा वगैरे काही नव्हतं. आणखी एक कागदवाली बाई आली, एवढंच.

"काल रात्री कुठं होतास?"

"घरी."

"कोण सांगेल?"

"ती सांगल." त्याने दाराकडे मान हलवली. "तिचा कोन ऐकतो?"

"फौजदार सांगत होते, परवा उघाडीवर तुझं भांडण झालं. कशावरून?"

उत्तर भिकीने दिलं, बाहेरून, न वळता. ती चिंबोऱ्या धरून येत होती. उघाडीवरच्या म्हाताऱ्याने, नविनने, टोपली लाथेने उलटी केली. पाड्याच्या बायांनी तळ्यात उतरायचं नाही म्हणाला. लक्ष्या धावत आला आणि दोघांची जुंपली.

"तेव्हा तू म्हणालास की तुमची मासळी मरेल."

"म्हनालो." लक्ष्याने पहिल्यांदा सरळ पाहिलं. "रागानं मानूस बोलतो. पन बाय, आमी मारली असती तर टाकून गेलो असतो? पोरं उपाशी ठेवून मासली कुजवायला आमाला काय येड लागलाय?"

मनिषने हसून मान हलवली. पकडलेला प्रत्येक माणूस असंच काहीतरी म्हणतो, असं त्याला वाटत होतं. आणि सुषमाबाईंनाही ठाऊक होतं की एवढ्यावर कुणी सुटत नसतं. प्रयोगशाळा फेस येणारं विष आहे एवढंच सांगणार होती. ते त्यांच्या सहीने कागदावर उतरलं की लक्ष्या आत, आणि पाड्याला तळं कायमचं बंद. पावसाळ्यात मजुरी थांबली की ताडपाडा ह्याच चिखलातल्या चिंबोऱ्यांवर दिवस काढतो, हे त्यांना माहीत होतं. स्वतःच्याच बाटलीचा त्यांना राग आला.

उघाडीचा राखणदार नविन तांडेल बांधावर एकटाच बसला होता, पायाशी थुंकत. त्याने सुषमाबाईंना बस म्हटलं नाही. त्या उभ्याच राहिल्या.

"काल संध्याकाळी फळ्या कुठं होत्या?"

"वर. काढून ठेवलेल्या. भांगाची भरती, पानी चढत नाय, मग घालायच्या कशाला?"

"कधी घालता?"

"उधानाला. अमावस, पुनव. नायतर समिंदर घुसेल त्या शेटच्या चिकवांत."

"कुठल्या खाचेत?"

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये. "भायेरच्या. समिंदर भायेर हाय ना? आतली खाच त्या इंजिनेराने उगाच काढली. माझ्या हाताने एक फली तिच्यात गेली नाय कधी."

"आज सकाळी जवळ जाऊन पाहिलंत?"

"चेअरमननी हात लावू नका सांगितला. आणि मी बघून काय करू? त्या धोड्याने कोंडला पानी, विष धरून ठेवायला. अजून दोन फटके घालायला पायजे होते."

सुषमाबाईंना त्या क्षणी म्हाताऱ्याला तळ्यात ढकलून द्यावंसं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "पाणी उघडून विष वाहून जाऊ द्यावं असं नाही वाटत?"

"मी तर पयलाच बोललो. तला धुऊन निघेल. चेअरमन बोलतो पुरावा जाईल."

शैलेशभाई वाडीच्या फाटकातच भेटले आणि फाटक उघडलं नाही. बोलणं गजांतून झालं. ते म्हणाले की सगळ्यांना शेवटी त्यांचंच नाव घ्यायचं आहे हे त्यांना माहीत आहे. हो, परवा मोहोरावर औषध मारलं होतं. हो, वाडीचं पाणी तळ्यात उतरतं, मग काय त्यांनी ते डोंगरावर चढवायचं? फवारणीला लक्ष्याच होता. चांगला मजूर, पण तोंडाळ. तो आत गेला तर दुसरा बघावा लागेल, एवढी चिंता त्यांनी बोलून दाखवली.

"हवे शुं करवानुं?" असं स्वतःशीच पुटपुटत ते आत गेले. काय करावं ह्याचं त्यांना खरं तर काही पडलेलं नव्हतं.

दुपारी दिपकने सुषमाबाईंना आणि मनिषला घरी चहाला नेलं. नको म्हणण्याचं कारण नव्हतं. दिवसभरात कुणी पाणीही विचारलं नव्हतं.

अंगणात दिपकची आई सोडे वाळवत होती. सोलून सुकवलेली कोळंबी एका मोठ्या गोल चाळणीवर पसरली होती. चाळणीच्या कडीला तीन लांब दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांची वर एकच गाठ होती. सुषमाबाईंनी चाळणीचं कौतुक केलं. म्हातारी खुलली. दिपकने गुजरातेतून आणली, तिथे बरीच वर्षं कामाला होता, म्हणाली.

"कंपनीत," दिपकने आतून सांगितलं.

दोरीवर धुतलेले कपडे होते आणि त्यांच्या शेजारी चार जाड, काचेसारख्या प्लास्टिकच्या पिशव्या, दोन-दोन एकात एक घातलेल्या, चिमट्यांनी लावलेल्या. आतून अजून थेंब गळत होते. दिपक टाकून देत होता, पण एवढं चांगलं प्लास्टिक कोण टाकतं, पावसात लाकडांवर घालायला होईल, असं म्हातारीचं म्हणणं पडलं. सुषमाबाईंनी ते मनापासून पटल्यासारखी मान हलवली.

चहा चांगला होता. दिपक बोलायलाही चांगला होता. तो म्हणाला, गरीब माणूस आहे, कोर्टकचेरी करून त्याला आयुष्यातून उठवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा संध्याकाळी बैठकीत त्याने चूक कबूल करावी. पाड्याने एक वर्ष तळ्यात उतरायचं नाही. गावानेही उतरायचं नाही, विषारी पाणी आहे. उघाडी बंद ठेवू, तळ्याला विश्रांती मिळेल. मॅडमनी फक्त गेळाचं विष एवढं लिहून द्यावं.

"फार समजूतदार माणूस," रस्त्यात मनिष म्हणाला.

"फारच," सुषमाबाई म्हणाल्या. "ओहोटी कधी लागते?"

मनिषने समुद्राकडे पाहिलं. पाणी उतरू लागलं होतं.

"बैठक शेडमध्ये नको. उघाडीवर बोलवा. आणि लक्ष्याला घेऊन या."

गाव जमलं ते चिडलेलंच होतं. दिवस वाया गेला होता, माशांना वास सुटला होता आणि सरकारी बाईने काही लिहून दिलं नव्हतं. पाड्यातले आठ-दहा जण बांधाच्या पलीकडे उभे राहिले, जवळ आले नाहीत. लक्ष्याला मनिषने आपल्या शेजारी उभं केलं. भिकी त्याच्या मागे होती.

"विष काय ते सांगा आणि जा," कुणीतरी ओरडलं.

"सांगते. गडबड कराल तर गटारांपासून सुरुवात करीन," सुषमाबाई म्हणाल्या.

गर्दी थोडी निवली.

"आधी जे मेलं नाही ते बघा. शेतीचं औषध पाण्यात गेलं की चिंबोरी आणि कोळंबी पहिली मरते. चिंबोऱ्या सकाळपासून तुमच्या पायांपाशी फिरतायत. म्हणजे शैलेशभाईंची फवारणी नाही. पाणी कुजून त्यातली हवा संपली असती, तर मासळीबरोबर कोळंबीही काठाला येऊन मेली असती. काठावर मेलेली एक करंदीसुद्धा नाही. म्हणजे तुमची गटारंही नाहीत. ह्या वेळेपुरती."

"मग गेळच," नविन म्हणाला.

"मासा मारायचा आणि कोळंबीला सोडायचं, असं विष गेळात असतं, बरोबर. ती गोणी आणा इकडे."

मनिषने गोणी उपडी केली. पिवळी गेळं बांधावर घरंगळली.

"ह्यांतलं एक तरी फुटलेलं दाखवा. तलासरीकडे नदीचे डोह तपासताना मी गेळाची मासेमारी पाहिलीय. गेळ दगडावर ठेचतात, पाण्यात कालवतात. अख्खा पाडा टोपल्या घेऊन उभा असतो, लहान मासासुद्धा वाया जात नाही. साबणाची वडी कागदात ठेवून धुणं होत नाही. ह्या अख्ख्या गेळांनी एक चिवणीसुद्धा मरणार नाही. ज्याने ही गोणी इथे ठेवली त्याने गेळाबद्दल फक्त ऐकलं होतं. तो पाड्यातला नव्हे, आपल्यातला माणूस आहे."

बायकांत कुजबुज झाली. लक्ष्याने गेळांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मग मासली कशाने मेली?" नविनने विचारलं. त्याचा आवाज आता तेवढा चढा नव्हता.

"तेही सांगते. पण तळं आधीच अर्धं मेलंय, त्याला आणखी कोंडून ठेवायची माझी तयारी नाही. ओहोटी आहे. फळ्या काढा. विषाचं पाणी जाऊ दे, भरतीला ताजं येऊ दे."

"मॅडम, पुरावा," दिपक हळूच म्हणाला. "शिवाय विष समुद्रात गेलं तर तिथली मासळी मरेल. लोकांची पोटं आहेत."

"समुद्रात ते चिमूटभरही उरणार नाही. पुरावा माझ्या बाटलीत आहे. नविनभाऊ, काढा फळ्या."

नविन उघाडीच्या भिंतीवर उतरला. सवयीने त्याचा हात बाहेरच्या खाचेकडे गेला आणि रिकामाच वर आला. तो खाली वाकून बघत राहिला.

"ह्या कोणी घातल्या?" तो म्हणाला. "ह्या आतल्या खाचेत कोणी घातल्या?"

त्याने आतल्या खाचेतली वरची फळी उपसली. मग दुसरी, मग तिसरी. तळ्याचं पाणी उसळून बाहेर धावलं. त्यात उन्हाने चमकणारी बारीक भुकटी वाहत होती, आणि जवळ असलेल्यांना दिसलं की ती भुकटी जिवंत आहे.

नविनने चौथी, शेवटची फळीही काढली तेव्हा दिपक धावला. इस्त्रीच्या शर्टासकट कमरेएवढ्या पाण्यात उतरला, म्हाताऱ्याला खांद्याने बाजूला लोटलं, भिंतीवरची एक फळी ओढली आणि खाली न बघता, एका झटक्यात, खाचेत सोडली. टाचेने ठोकून बसवली. मग दुसरी उचलली.

फळी आतल्या खाचेत बसली होती.

सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. दिपकने मान वर केली आणि हातातली फळी तशीच धरून तो थांबला.

"समुद्र अडवणारा माणूस फळी बाहेरच्या खाचेत घालतो," सुषमाबाई म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम वाढवला नाही. "पाणी आत कोंडणारा आतल्या. बाहेरची तो जाळीसाठी रिकामी ठेवतो. गुजरातेतल्या कोळंबीच्या तळ्यांवर असंच करतात. हाताला लागलेली सवय आहे, दिपक, चेअरमन झाल्याने जात नाही."

"मॅडम, मी विष अडवायला..."

"विष अडवायला तू उडी मारली नाहीस. बियाणं अडवायला मारलीस. सकाळी मी मगात पाणी घेतलं, त्यात कोळंबीची पिल्लं होती. रानची असती तर लहानमोठी असती. ही सगळी एका मापाची, विकत आणलेली. असं बियाणं हवा भरलेल्या जाड दुहेरी पिशव्यांतून येतं. त्या पिशव्या तुझ्या आईने धुऊन दोरीवर लावल्यात, कारण चांगलं प्लास्टिक टाकायचं तिच्या जिवावर येतं. आणि ती सोड्यांची चाळण. वाळवणाच्या चाळणीला तीन दोऱ्या लागत नाहीत. कोळंबीने खाद्य खाल्लं का ते बघायला जी पाण्यात सोडतात तिला लागतात. तू कंपनीत नव्हतास. तळ्यांवर होतास."

मनिषने खिशातून रुमाल काढून उगाच तोंड पुसलं.

"तळ्यांवर चहाच्या बियांची पेंड टाकतात," सुषमाबाई पुढे म्हणाल्या. "तिने मासे मरतात, कोळंबीला काही होत नाही. फेस गेळासारखाच. हा जिताडा आणि बोयी राहिल्या असत्या तर तुझं बियाणं त्यांच्या पोटात गेलं असतं. म्हणून रात्री तू उघाडी बंद केलीस, पेंड टाकलीस, बियाणं सोडलंस. पण मासे गेले तरी माणसं होतीच. ताडपाड्याच्या बाया रोज ह्या चिखलात हात घालतात, त्यांना कोळंबी लागलीच असती. परवा लक्ष्या रागाने नको ते बोलून गेला आणि तुझं काम सोपं झालं. माळावरून गेळं तोडलीस आणि गोणी काठावर ठेवलीस. त्याला मारातूनही तूच सोडवलंस, कारण तुला तो मेलेला नको होता, कबूल केलेला हवा होता. पाणी विषारी, पाडा बाहेर, गाव बाहेर, उघाडी बंद. सगळ्यांचं तळं, आणि पीक एकट्याचं."



"सोसायटीसाठीच केलं," दिपक म्हणाला. मग त्याचा तो हलका आवाज गेला. "काय होतं ह्या डबक्यात? सडकी बोय आणि चिंबोऱ्या. ह्या गावाला आयुष्यभर चिखलच चिवडायचाय. मी काहीतरी करून दाखवलं असतं."

"बियाणं सोडताना सोसायटीला का नाही सांगितलंस?"

गर्दीतून दोघे-तिघे पुढे सरसावले, बाह्या वर करत. सकाळी लक्ष्यावर हात टाकणारेच होते ते. सुषमाबाई त्यांच्या आडव्या आल्या.

"एकाला मारून झालंय आज. पुरे."

मनिषने दिपकला दंडाला धरून पाण्यातून वर घेतलं. जीपपर्यंत त्याची आई मागे गेली. तिला काय झालं ते नीट कळलं नव्हतं, आणि ते तिला सांगायला कुणी पुढे झालं नाही. सुषमाबाईंनाही ते जमलं नाही. त्या दुसरीकडे बघत राहिल्या.

लक्ष्याची माफी कुणी मागितली नाही. खारवाडीत माफी मागायची पद्धत नव्हती. एका बाईने त्याच्यापुढे चहाचा कप धरला, त्याने तो घेतला नाही. ती कप घेऊन तशीच उभी राहिली, मग स्वतःच प्यायली.

नविन मात्र अजून उघाडीतच उभा होता. त्याने दिपकने घातलेली फळी उपसली आणि बांधावर फेकली. मग भिंतीवरच्याही सगळ्या. पाणी मोकळं धावायला लागलं आणि मेलेली मासळी त्याच्याबरोबर समुद्राकडे निघाली. काठाला लागलेली फेसाची वळी हळूहळू तुटत गेली.

भिकी उठली. परवाची उलटी झालेली टोपली शेडच्या कोपऱ्यात पडली होती, ती तिने आणली. साडीचा काचा मारला. सगळं गाव बघत असताना ती बांध उतरून तळ्याकडे चालू लागली. लक्ष्याने तिला अडवलं नाही, पण त्याच्या मुठी आवळल्या होत्या. गावातलंही कुणी हललं नाही. पाण्याच्या कडेला ती क्षणभर थांबली.

"तिकडनं नको," नविन खेकसला. तिच्याकडे न बघता, जणू तो उघाडीच्या भिंतीशीच बोलत होता. "तिकडं गाल हाय, मांडीपर्यंत रुतशील. इकडनं उतर."

भिकीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती वळली, त्याच्या बाजूने आली आणि पाण्यात उतरली.